दुसरा नमुना

विजय नगर, जबलपूर
मे महिन्याचा शेवटचा रविवार

प्रिय एकता,

सप्रेम जयभीम. टपालाने पत्र आलेलं बघून तू घाबरशील. घाबरू नकोस. मी खुर्चीत बसलो आहे, माझ्याच हाताने लिहितो आहे. आई आत झोपली आहे. कूलरचा एवढा आवाज आहे की मी काय करतो हे तिला कळणार नाही. तू रोज फोन करतेस तेव्हा फोन तिच्या हातात असतो आणि मी त्या चौकटीत अर्धा दिसतो. अर्ध्या चेहऱ्याने जेवढं बोलता येतं तेवढं मी बोलतो. उरलेलं इथे लिहितो. तुझी सगळी शाळा हिंदीत झाली, मराठी वाचताना तुझे ओठ हलतात, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. एखादा शब्द अडला तर पुढे जा.

तुला सगळं तुकड्यांत कळलं आहे, तेही आईकडून, आणि आई टोकं घासून सांगते. एकदा सलग सांगतो. डाव्या टाचेवर काळा डाग होता. किती जुना ते मला माहीत नाही. नोकरीभर लोखंडी टोपणाचे बूट घातले, त्यामुळे वाटलं रक्त साकळलं असेल. मग ती जागा कडक झाली, तेव्हा कुरूप समजून पट्टी लावली. पट्टी काढली की डाग तिच्या बाहेर आलेला दिसायचा, म्हणून मी मोठी पट्टी आणायचो. एकदा पलंगावर पडलो होतो, आई पायथ्याशी चादर नीट करत होती. म्हणाली, "हे काय लपवून राहिले तुम्ही?" मी लपवत नव्हतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मायक्रोमीटरने मोजल्या, आपली टाच मोजायची असते हे सुचलंच नाही. अवंतिका मॅडम, म्हणजे माझ्या कॅन्सरच्या डॉक्टर, नंतर म्हणाल्या की कातडीचा हा कॅन्सर आपल्या लोकांमध्ये असाच येतो. तळपायाला, तळहाताला, नखाखाली.

ऑपरेशनच्या वेळी तू होतीस. टाचेवरचं कापून काढलं, मांडीची कातडी तिथे बसवली. तू गुवाहाटीला परत गेलीस, ड्यूटीवर हजर झालीस, आणि त्यानंतर माझ्या जांघेत गाठ आली. स्कॅनमध्ये फुफ्फुसात ठिपके दिसले. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नसलेली गोष्ट छोटी आहे. डाव्या पायाला आता एक नंबर मोठी सँडल लागते. आईने त्यासाठी सगळा बडा फुहारा बाजार पालथा घातला. जोड तोडून कोणी देईना. शेवटी तिने दोन जोड घेतले, आणि दुकानदाराला म्हणाली, "बाकी के दो आप पहन लेना भैया." तरी ते दोन ती घरी घेऊन आली. ते कपाटाखाली आहेत.

आता औषधाचं. दर तीन आठवड्यांनी मला सलाइनमधून औषध देतात. हे केमो नाही, केस जात नाहीत. मॅडमनी सांगितलं, हे औषध गाठीला मारत नाही. शरीराचे जे पहारेकरी असतात, त्यांना गाठीने गुंगवलेलं असतं, औषध त्यांना जागं करतं. मारायचं ते त्यांनी. मी विचारलं, ते जागे झाले हे कळणार कसं? स्कॅन चौथ्या डोसानंतर. तोवर रक्त बघायचं. रक्तात एलडीएच नावाचं एक द्रव्य असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं. गाठ जोरात वाढत असली की तिच्या पेशी फुटतातही जोरात, आणि आकडा चढतो. मी विचारलं, चढला तर? आई तेव्हा खाली औषधाच्या दुकानात गेली होती, म्हणूनच विचारलं. मॅडम म्हणाल्या की हा आकडा ज्यांचा चढलेला असतो, त्यांच्यात पुढे टिकणारे कमी असतात. किती कमी, तेही मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मला ही भाषा समजली. तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तपासणीवर, तीस वर्षांहून जास्त मी हीच बोललो. तोफेच्या गोळ्याच्या तोंडाशी फ्यूज बसतो, ज्यामुळे गोळा योग्य वेळी फुटतो. असे हजारो फ्यूज एका लॉटमध्ये असायचे. त्यातले थोडे आम्ही हाताला येतील तसे उचलायचो आणि चाचणीच्या रेंजवर फायर करायचो. उचललेले संपायचे. त्यांनी जे सांगितलं ते उरलेल्यांबद्दल असायचं. मॅडमच्या केबिनमध्ये बसून माझ्या डोक्यात आलं की हा एलडीएचचा आकडाही तसाच बनला असणार. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचं रक्त घेतलं, मग वाट बघितली, कोण राहिलं, कोण गेलं. ते फायर झालेले लोक. मी पेटीत उरलेला. मला हे भीतीदायक वाटलं नाही, ओळखीचं वाटलं. चूक तिथेच झाली, मी स्वतःला लॉटमधला एक समजलो, पण ती मला बऱ्याच दिवसांनी दिसली.

तिसऱ्या डोसाआधी रक्त द्यायचं होतं. त्याच दिवशी सिहोऱ्याला विपुलच्या मुलीचं नामकरण होतं. आईचा भाचा, पहिली मुलगी, नाही कसं म्हणायचं. आई म्हणाली, रक्त उद्या देऊ. मी म्हणालो, तारीख म्हणजे तारीख. सिहोऱ्याच्या बस स्टँडजवळ रक्त घ्यायची एक खोली आहे, तिथे दिलं. त्यांनी नळी डब्यात ठेवली, डबा दुपारच्या बसने जबलपूरला पाठवला. तुला इथला मे माहीत आहे. त्या बसच्या टपावरून वाफा निघत होत्या. मी परत नामकरणाला जाऊन बसलो. त्रिशरण, पंचशील झालं, मुलीचं नाव समिधा ठेवलं. विपुलने तिला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाला, "फुफाजी, सांभाळून, मॅडम सूसू करतात." आणि तिने केलं. मी खूप हसलो. त्या दिवशी मी चांगला होतो.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. वरची हद्द अडीचशेच्या आसपास. पहिल्या डोसाआधी मी हद्दीच्या आत होतो. आता सहाशेच्या वर.

मॅडमचा फोन आला तेव्हा आईने स्पीकर लावला. मॅडम म्हणाल्या, "अंबादासजी, परेशान मत होइए. सैंपल खराब था." मग त्यांनी समजावलं. नळी तापली असेल, आदळली असेल, लाल पेशी नळीतच फुटल्या. त्यांच्या पोटातही एलडीएच असतं, ते बाहेर आलं. आकडा गाठीचा आहे की नळीचा, सांगता येत नाही. सोमवारी डोस आहे, त्याआधी पुन्हा रक्त हवं. मी म्हणालो, "नहीं मैडम." त्या म्हणाल्या, "क्या नहीं?" मी म्हणालो, "दुबारा नहीं दूँगा." त्यांना वाटलं मला सुईची भीती आहे. मी म्हणालो, आकडा आला तो आला. सोमवारी मी येत नाही. फोन आईने बंद केला.

तिला मी कारण सांगितलं. तुलाही सांगतो, कारण हे कारण खरं होतं. तू दुसरीत होतीस तेव्हा एक लॉट रेंजवर नापास झाला. मार्च महिना होता, महिन्याअखेर माल जायचा होता. आमचे मोठे साहेब, श्रीपाद साहेब, पुण्याकडचे. एरवी माझ्याशी मराठीत बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. "अंबादास, अजून एक नमुना काढ ना. एवढं काय त्यात." मी काढला नाही. नापास लॉटमधून नमुने काढत गेलं की एखादा पास होतोच. मग तो कागद खरा ठरतो, आणि तो लॉट कुठे तरी बर्फात बसलेल्या पोराच्या हातात जातो. मी सही केली नाही. पुढे वर्षभर कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. काही जण बोललेही, "कोट्यातून आला आणि कायदा शिकवून राहिला." मला ते लागलं नाही असं नाही. पण मी डबा त्याच टेबलावर खाल्ला. माझ्या आयुष्यात अभिमानाने सांगावं असं जे थोडं आहे, त्यात हे पहिलं. दुसरा नमुना मी काढला नाही.

म्हणून आता माझाच लॉट नापास झाला, तर मी वेगळा नियम कसा लावू? हे मी आईला असंच विचारलं. आई म्हणाली, "काहून नाही द्यायचं? रक्त काय तुमच्या बापाचं आहे?" मी म्हणालो, बापाचंच आहे. ती हसली नाही.

ते दिवस वाईट गेले, एकता. फोनवर तुला काही दिसलं नाही, कारण आई फोन असा धरायची की भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर आणि माझा एक कान एवढंच दिसावं. ती माझ्याशी भांडली नाही. तिने कैऱ्या आणल्या आणि फोडत बसली. एवढ्या कैऱ्या आपल्याला कशाला, मी विचारलं. "ज्याला जगायचं आहे तो खाईल." दिवसभर अडकित्त्याचा आवाज. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, पायाची पट्टी बदलायची, सगळं वेळेवर, आणि एक शब्द नाही. मी पेपर वाचायचो. एक ओळ संपली की दुसरीवर जाता येत नव्हतं. मॅडमचे फोन यायचे. मी घेत नव्हतो. एकदा त्यांनी आईला विचारलं की हे असं काहून करतात, आणि आई म्हणाली, "मैडम, ये इंस्पेक्टर हैं. इनका कोई इलाज नहीं है." शुक्रवार गेला. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की रक्ताशिवाय त्या डोस देणार नाहीत, आणि डोस फार लांबवता येणार नाही. सोमवार जवळ येत होता आणि मी त्याला जवळ येऊ देत होतो.

शनिवारी सकाळी दार वाजलं. वीरेंद्र. तू त्याला पाहिलं नाहीस. विजय नगरात घरोघरी जाऊन रक्त घेतो, माझ्यापेक्षा थोडाच लहान असेल, मिशा रंगवतो आणि सगळ्यांना अंकल म्हणतो. आईने बोलावलं होतं, मला न विचारता. त्याने पेटी उघडली आणि म्हणाला, "अंकल, पूरे विजय नगर का खून पी चुका हूँ, एक आप ही बचे हैं." मी म्हणालो, वीरेंद्रजी, तुमचा वेळ गेला, माफ करा, मी देणार नाही. तो म्हणाला, "मच्छर तो बिना पूछे ले जाता है, हम तो पूछ रहे हैं." मी हात मांडीखाली घेतला. लहान मुलासारखा. मला आठवतं, कारण तेव्हा मलाही लाज वाटली, पण मी हात काढला नाही. वीरेंद्रने आईकडे पाहिलं.

आई मोरीतून हात धुऊन आली. कैरीचा चीक होता, तो पदराला पुसला. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, ब्लाउजची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. म्हणाली, "वीरेंद्र भैया, मेरा ले लो. नाम इनका लिख दो." तो हसला. "आंटी भी ना." ती म्हणाली, "हँसो मत. लिखो, अंबादास, उमर छियासठ. मेरा खून अच्छा है, पास हो जाएँगे." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "सोमवारी डोस भेटून जाईल. मले तेवढंच पाह्यजे. तुमचा नियम तुम्ही ठेवा." वीरेंद्रचं हसू थांबलं. तिने रबरी पट्टा स्वतःच उचलला आणि दंडाला गुंडाळायला लागली. उलटा गुंडाळला. तिला येत नव्हतं. पण ती गंमत करत नव्हती.

तुला कळणार नाही हे मला कसं झालं. लॉट नापास होणं ही शरम नव्हती आमच्याकडे, ते रोजचं काम होतं. उशीर, दारू, शिवीगाळ, या सगळ्याला माफी मिळायची. एका लॉटचा नमुना दुसऱ्याच्या नावाने टाकणं, त्याला नव्हती. आणि ही बाई, जिने तीस वर्षं माझा डबा भरला आणि डब्याबरोबर माझ्या गोष्टी ऐकल्या, माझ्यासमोर बसून ते करायला निघाली होती, आणि आपण काय करतो आहोत ते तिला नीट माहीत होतं. तिला अपराधी व्हायचं होतं. मी जगावं म्हणून. मी म्हणालो, कुसुम, पट्टा सोड. ती म्हणाली, "नाही सोडत." मी म्हणालो, सोड, मी देतो. तिने तरी सोडला नाही, वीरेंद्रने तिच्या दंडावरून तो काढला आणि माझ्या दंडाला बांधला. शीर सापडायला वेळ लागला. पहिल्यांदा सुई आत गेली आणि रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. सुई हातात असताना आई माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "भिऊन राहिले होते तुम्ही. नियमाचं नाव घेऊन."

ते बरोबर होतं. मी हे तुला लिहून देतो, कारण तोंडाने मला ते तिलाही सांगता आलेलं नाही. रेंजवर कधी कधी तोफच बिघडायची, किंवा वेळ मोजायचं यंत्र बंद पडायचं. तेव्हा त्या फायरपुढे आम्ही पास लिहीत नव्हतो आणि नापासही लिहीत नव्हतो. नो टेस्ट लिहायचो. म्हणजे चाचणी झालीच नाही, पुन्हा करा. हा नियम मी स्वतः नव्या मुलांना शिकवला आहे. सिहोऱ्याची ती तापलेली नळी म्हणजे नो टेस्ट. दुसरं काही नाही. मॅडमचा फोन चालू असतानाच मला हे आठवलं होतं. श्रीपाद साहेब नंतर आठवले. मी नो टेस्ट बाजूला ठेवलं आणि साहेबांना पुढे केलं. कारण नापास झालो की वाट बघायची गरज नसते. सहाशेचा आकडा ऐकला आणि त्या पहिल्या क्षणाला, एकता, मला हलकं वाटलं. बरं वाटलं नाही, हलकं वाटलं. ठिपके दिसल्यापासून मी रोज सकाळी उठल्यावर आधी श्वास घेऊन बघतो, दुखतं का. ते आता संपेल, असं वाटलं. दुसऱ्या नमुन्यात आकडा खाली आला असता तर मला पुन्हा आशा धरावी लागली असती. मला मरणाचं भय आहेच, पण त्याहून जास्त याचं होतं.

संध्याकाळी आकडा आला. हद्दीच्या थोडा वर. सहाशे नाही, पण पहिल्यासारखा आतही नाही. मॅडम म्हणाल्या, "ना खुश होइए, ना रोइए." सोमवारी डोस झाला. सलाइन चालू असताना त्या स्वतः येऊन बसल्या. एलडीएच ढोबळ आहे, त्या म्हणाल्या, ते ताप आला तरी हलतं. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून वीरेंद्रने त्या दिवशी दोन नळ्या भरल्या होत्या, दुसरी बाहेरच्या मोठ्या लॅबला गेली आहे. गाठ आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडते. ते तिथे मोजतात. माझ्या पहिल्या डोसाआधीची एक नळी त्यांनी तिकडे आधीच पाठवलेली होती. दोन्हींची तुलना होईल. तुकडे कमी झाले असतील तर औषध लागू पडतं आहे, स्कॅनमध्ये दिसायच्या खूप आधी कळतं. वाढले असतील तर हे औषध पुरत नाही, जोडीला दुसरं द्यावं लागेल. ते कडक आहे, माझ्या वयाला झेपेल की नाही सांगता येत नाही. रिपोर्टला तीन आठवडे लागतात. मी विचारलं, आणि हा आकडा माझ्याबद्दल बोलेल की लॉटबद्दल? मॅडमना लॉट समजलं नाही. मी समजावलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या की एलडीएचचा आकडा दुसऱ्या लोकांशी ताडला होता. हा तुमचा तुमच्याशीच ताडायचा आहे. पण उद्याचं पक्कं हाही सांगणार नाही. एवढंच म्हणाल्या. मी बरंच झालं म्हणालो. झालं का ते माहीत नाही.

त्यानंतरचे दिवस बरे चालले आहेत. हाताला खाज येते, ते औषधाचं आहे, मॅडम त्याला चांगलं लक्षण म्हणतात आणि लगेच, पक्कं नाही, असंही म्हणतात. लोणचं मुरत आहे. आई बोलायला लागली आहे, जरा जास्तच. काल शेजारच्या बेबीताईंना तिने सगळा वीरेंद्रचा प्रसंग रंगवून सांगितला, आणि सांगताना माझा हात मांडीखाली गेला तोही करून दाखवला. दोघी हसून हसून पडल्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. रिपोर्टबद्दल घरात कोणी बोलत नाही. फोन वाजला की आई आधी नंबर बघते, मग माझ्याकडे, मग उचलते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. परवा फोनवर तू आईला म्हणालीस, "रिपोर्ट आ जाए, फिर देखती हूँ टिकट." तू बरोबर बोललीस. दोन दिवसांचा प्रवास आहे, सुट्ट्या मोजक्या, ऑडिट चालू आहे. रिपोर्ट वाईट आला तर तू लगेच निघशील, चांगला आला तर दिवाळीला सावकाश येशील. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण फोन ठेवला, आई चहा करायला गेली आणि माझ्या मनात आलं की वाईट यावा. तू लगेच यावीस म्हणून. ते मनात फार वेळ थांबलं नाही, पण आलं, आणि मी ते ओळखलं. एवढी धडपड करून तुझ्या आईने माझ्या हातातून जे रक्त काढून घेतलं, त्याने नापास व्हावं असं मला वाटलं, फक्त तुझा चेहरा फोनच्या चौकटीबाहेर पूर्ण बघायला मिळावा म्हणून. म्हणून एकता, रिपोर्टची वाट बघू नकोस. तिकीट आज काढ. चार दिवसांसाठी ये, दोन दिवसांसाठी ये, पण तो यायच्या आधी ये. नंतर आलीस तर त्या आकड्यामुळे आलेली असशील, आणि तू दारात उभी असताना मी तुझ्या तोंडावर तोच वाचत बसेन. मला एकदा तू हवी आहेस, दोघांनाही काही कळलेलं नसताना. आईला हे पत्र दाखवू नकोस. सुट्टी मिळाली, एवढंच सांग.

तुझाच, आज तरी काहीच माहीत नसलेला,
बाबा